नऊ नंबरचा प्रश्न

मंगळवार, ३ सप्टेंबर

लिफाफा आला. दर दोन वर्षांनी येतो तसाच – बदामी, जाड, राज्याच्या शिक्क्याचा. डॉक्टरकीच्या लायसन्सचं नूतनीकरण. एक ऑक्टोबरच्या आत पोचलं पाहिजे.

जेवणाच्या सुट्टीत भरायला बसले. नाव, पत्ता, आल्डर फोर्क क्लिनिक, चौदा खाटांचं हॉस्पिटल, आठवड्याला किती तास – पेन सरसर चाललं. एक ते आठ झाले. दहा ते बावीस झाले. नऊ तसाच ठेवला.

‘आपल्याला कधीही मानसिक आजाराचं निदान झालं आहे का, अथवा त्यासाठी आपण कधीही उपचार घेतले आहेत का? होय / नाही. होय असल्यास सर्व कागदपत्रांसह मंडळापुढे हजर व्हावं.’

कधीही! गेल्या वर्षी नाही, गेल्या दहा वर्षांत नाही – जन्मल्यापासून कधीही. खुबा बदललाय का, मधुमेह आहे का, हे कोणी विचारत नाही. दारूचं विचारतात, तेही ‘सध्या’.

पाच वेळा ‘नाही’वर खूण केली आहे मी. एकदाही हात थरथरला नाही. टाके घालणारा हात आहे, त्याला सवय आहे.

वीस तारखेला याच प्रश्नावर राज्याच्या वैद्यकीय मंडळात मतदान आहे. मी मंडळाची सदस्य, आणि हा प्रश्न काढून टाकायचा ठरावही माझाच. ‘सध्या काम नीट करता येणार नाही असा, उपचार न घेतलेला काही आजार आहे का?’ एवढंच विचारा, असं मी लिहिलं आहे. फेब्रुवारीत मांडला, सप्टेंबर उजाडला.

केलबचाही लिफाफा आलाय. त्याने त्यावर कॉफीचा कप ठेवलाय. क्लिनिकमध्ये आम्ही दोनच डॉक्टर – मी आणि केलब वेंट. छत्तीस वर्षांचा, दोन लहान मुली, गावाने चार वर्षांपूर्वी हातापाया पडून आणलेला. हल्ली सकाळी तो पार्किंगमध्ये पिकअपचं इंजिन बंद करून नुसता बसून राहतो. आज वीस मिनिटं. माझ्या खिडकीतून दिसतं.

गुरुवार, ५ सप्टेंबर

नदीपलीकडे जाऊन आले. पूल ओलांडला की राज्य बदलतं. तिथे मला कोणी ओळखत नाही, निदान अकरा वर्षं मी तसं धरून चालले आहे.

गाडी नेहमीप्रमाणे मागे, गळ आणि किडे विकणाऱ्या दुकानाच्या आडोशाला. मागचं दार. दोन पेशंटमध्ये अर्धा तास मोकळा ठेवतात, म्हणजे कोणाची कोणाशी गाठ पडत नाही. काउंटरवर शेरी. तिच्यापुढे सही करायची वही. मी लिहिलं – रूथ लिंडाल. आईचं माहेरचं नाव. वरच्या ओळींत या आठवड्यातच तीन जॉन स्मिथ. स्मिथ घराण्याला फारच त्रास आहे बुवा.

नदीअलीकडच्या अर्ध्या राज्यातले डॉक्टर इथेच येतात असं मला कधीपासून वाटतं. विचारणार कोणाला?

डॉ. केसेल, माझी मानसोपचारतज्ज्ञ, म्हणाली, ‘रूथ, झोप कशी आहे?’ तिला माझं खरं नाव माहीत आहे. पण ती कधी चुकत नाही.

ही वही लिहायलाही तिनेच लावलं. ती मी बियाण्यांच्या कॅटलॉगांखाली ठेवते. माझा नवरा रॉय त्या खणात हात घालत नाही.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर कोणीतरी सहा झुकिनी ठेवून गेलं. या महिन्यात सगळ्यांच्या बागेत त्या खपता खपत नाहीत; गाडीला कुलूप न लावणं म्हणजे स्वतःहून ओढवून घेणं.

रविवार, ८ सप्टेंबर

चर्चच्या तळघरात जेवण होतं. ओव्हनमध्ये भाजलेला बटाट्याचा हॉटडिश, रंगीत जेली, सगळं नेहमीचं. घरी येते तोच फोन – हार्लन ब्रँडवोल्ड. मंडळाचा अध्यक्ष. एकाहत्तर वर्षांचा सर्जन; गेली पंचवीस वर्षं मी माझे पेशंट त्याच्याकडे पाठवते आहे.

‘मार्गिट, मी विरुद्ध मत देणार. पाठीमागून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.’

‘का, हार्लन?’

‘लोक आपल्यापुढे कपडे काढून झोपतात. समोर कोण उभं आहे हे त्यांना कळायला हवं. प्रश्न राहू दे.’

‘आणि होय लिहिणाऱ्याचं आपण काय करतो, ते?’

मग म्हणाला, ‘ते वेगळं.’ आणि माझ्या टोमॅटोंची चौकशी केली.

हिशेब असा. मंडळात सात जण. माझ्या बाजूने – बँकेतली बाई, निवृत्त मुख्याध्यापक, आणि तो भूल देणारा तरुण डॉक्टर. मी धरून चार. विरुद्ध – हार्लन, आणि हार्लनच्या तोंडाकडे बघून हात वर करणारे दोघे. चार विरुद्ध तीन. निसटतं, पण होतं.

मंगळवार, १० सप्टेंबर

केलबला खोलीत बोलावलं, दार लावलं. पट्ट्याला नवीन भोक पाडलंय त्याने. खिळ्याने पाडलंय, स्पष्ट दिसतं.

‘झोप?’

‘येते. मग जाते.’

‘जेना काय म्हणते?’

‘बायकोला वाटतं मी तिच्यावर रागावलोय. रागवायला लागतं तेवढंही अंगात नाही, हे तिला कसं सांगू?’

मी सरळ विचारलं. पेशंटला विचारते तसंच – जीव द्यावा असं मनात येतं का? तो नखांकडे बघत होता. ‘नाही. पण नसतो तर बरं झालं असतं, असं येतं.’

‘कोणाला तरी दाखव. या आठवड्यात.’

हसला. फार वाईट हसला. ‘डॉक्टर, तुम्ही बोर्डावर आहात आणि तुम्ही मला हे सांगताय? दाखवलं की नऊ नंबरला होय लिहायचं. नाही लिहिलं तर खोटं, लायसन्स जातं. होय लिहिलं तर माझी डॉ. क्वेड होते. घराचे हप्ते, मुली... वीस तारखेला तुमचा ठराव होऊ दे. मग जातो. शप्पथ.’

त्या क्षणी सांगायचं होतं. जिभेवर आलं होतं – अरे, मी जाते! अकरा वर्षं जाते, गोळ्या घेते, तरी तुझ्या दोन्ही मुलींची नाळ याच हातांनी कापली.

सांगितलं नाही. नियम आहे: सहकाऱ्याने मंडळाशी खोटेपणा केल्याचं कळलं तर तीस दिवसांत कळवायचं, नाहीतर स्वतःचं लायसन्स धोक्यात. म्हणजे मी तोंड उघडलं की त्याच्या डोक्यावर आणखी एक धोंडा. बुडणाऱ्याच्या हातात सामान दिल्यासारखं. त्याला सांगितलं, जेनाला सगळं सांग आणि मला केव्हाही फोन कर. ‘हो,’ म्हणाला. सगळे हो म्हणतात.

बुधवार, ११ सप्टेंबर

क्वेड. कालपासून ते नाव डोक्यातून जात नाही. कोणासाठी नाही, निदान या वहीसाठी तरी लिहिते.

अॅनेलीज क्वेड, लहान मुलांची डॉक्टर. तीन वर्षांपूर्वी तिने नऊ नंबरला ‘होय’ लिहिलं. बाळंतपणानंतर आठ महिने उपचार घेतले होते, पूर्ण बरी झाली होती. वेडी पोर – सगळे कागद जोडून, निळ्या फाइलीत क्रमाने लावून घेऊन आली. आम्ही तिला दोन तास बसवलं. रडू येतं का, मुलाला कधी इजा करावीशी वाटली का, नवरा घरी असतो का. मग पाच वर्षं देखरेख, दर महिन्याला डॉक्टरचं पत्र, आणि मंडळाच्या जाहीर यादीत नाव. त्या यादीतलं नाव विमा कंपन्या आधी वाचतात. वर्षभरात तिने दवाखाना बंद केला. आता घरं विकते म्हणे.

सहा विरुद्ध एक असं मत पडलं होतं. सहांमध्ये मी.

मी! त्या गुरुवारीच नदीपलीकडे जाऊन आले होते. पर्समध्ये गोळ्या होत्या. हात वर केला, कारण वाटलं – केला नाही तर कोणी म्हणेल, हिला का पुळका?

आणि तो एक कोण? हार्लन. ‘बाईने खरं सांगितलं. खरं सांगणाऱ्याला मी शिक्षा देणार नाही,’ म्हणाला होता. बाहेर आल्यावर आम्ही म्हटलं, म्हातारा हळवा झाला.

गुरुवार, १२ सप्टेंबर

केसेलला क्वेडचं सांगितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तिने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, ‘हे तू मला का सांगत नव्हतीस ते कळतं.’ परत येताना पुलावर गाडी थांबवावी लागली, डोळ्यांना काही दिसेना.

शनिवार, १४ सप्टेंबर

रॉयशी भांडण. भांडण म्हणजे त्याने एक वाक्य बोलायचं आणि मी दहा.

रॉयला सगळं माहीत आहे, पहिल्यापासून. अकरा वर्षांपूर्वी मार्चमध्ये, बर्फाच्या वादळात, बाळंतपणात एक एकोणतीस वर्षांची आई माझ्या हातांखाली रक्तस्राव होऊन गेली; हेलिकॉप्टर उडूच शकलं नाही. त्यानंतर मी सहा आठवडे कामावर जायची आणि घरी येऊन न्हाणीघराच्या फरशीवर बसायची. पुलापलीकडे पहिल्यांदा मला त्यानेच गाडीत घालून नेलं. शाळेत कुस्ती शिकवतो. उचलणं त्याला जमतं.

भांडण ट्वायलाच्या वाक्यावरून. ट्वायला मंडळाची सचिव. प्रत्येक मतदानाआधी ती एक कागद वाचते: ‘या विषयात ज्या सदस्याचा व्यक्तिशः संबंध असेल, त्यांनी आत्ता सांगावं आणि मतदानातून बाजूला व्हावं.’ कोणी ऐकत नाही. कोणी चॉकलेटचा कागद सोडतं, कोणी चष्मा पुसतं. तीन सेकंद थांबून ती पुढचा कागद घेते.

माझा संबंध आहे. नखशिखान्त आहे. पण उठले की उरतात तीन विरुद्ध तीन. बरोबरी झाली की ठराव पडतो. ठराव पडला की केलब जाणार नाही. म्हणजे खरं बोलले तर त्याचं दार बंद, आणि खोटी बसून राहिले तर उघडं!

‘उठलीस तर ठराव पडतो,’ रॉय म्हणाला. ‘बसलीस तर तू पडतेस. मला दोन्ही आवडत नाही.’

‘मग काय करू ते सांग ना!’

‘मी पोरांना कुस्ती शिकवतो, डॉक्टरीणबाई. ही माझ्या वजनगटातली नाही.’ आणि गवत कापायला गेला. कापलेलंच होतं.

मी बसणार. ठरलं. माझ्यासाठी नाही, केलबसाठी. हे वाक्य मी आज दिवसभरात वीसदा म्हटलं असेल.

सोमवार, १६ सप्टेंबर

दुपारी बेव्ह – आमची नर्स, तीस वर्षांची जुनी – माझ्या दारात. ‘जरा सामानाच्या खोलीत येता?’ तिच्या आवाजावरूनच उठले.

केलब जमिनीवर बसला होता. भोवती बँडेजच्या पट्ट्यांची पाकिटं. ‘मोजतोय,’ म्हणाला. ‘तीनदा मोजली. दर वेळी वेगळीच येतात.’ बाहेर त्याचे सात पेशंट ताटकळत होते.

जेनाला बोलावून घेतलं. म्हटलं, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जाऊ या, मी सोबत येते. ‘नाही,’ म्हणाला. ‘चार दिवस, डॉक्टर. फक्त चार दिवस राहिलेत.’ मतदानापर्यंतचे. जेना म्हणाली, मी त्याला क्षणभरही एकटा सोडणार नाही. सुट्टीवर पाठवला. त्याचे सातही मीच बघितले.

रॉयला फोन केला, फक्त एवढंच म्हटलं – त्याच्या घरी शिकारीच्या बंदुका आहेत. रॉय शाळेतूनच तिकडे गेला. ‘सीझन येतोय, माझ्या साफ करणार आहे, तुझ्याही करून देतो,’ म्हणाला म्हणे. केलबने काही विचारलं नाही. चारही दिल्या, कपाटाची किल्लीसुद्धा दिली. जेना दारात उभी होती. तिने रॉयचा हात धरला आणि सोडेचना.

आमच्या गॅरेजमध्ये आहेत आता. कुलूप घालून.

बुधवार, १८ सप्टेंबर

केलब जेवला. जेनाचा मेसेज – अर्धं सँडविच. मीही अर्ध्या सँडविचवर खूश.

शुक्रवार, २० सप्टेंबर

परतीच्या वाटेवरच्या ढाब्यावर बसून लिहिते आहे. समोर अॅपल पाय आहे. एक घास खाल्ला. जसं झालं तसं लिहिते.

दहा वाजता सुरू. लोक बरेच आले होते. मागच्या रांगेत एक विधवा होती, डॉक्टरची. ती बोलली चार मिनिटं, कागदावरून, एकदाही वर न बघता. शेवटी म्हणाली, ‘त्याने फॉर्म कोरा ठेवला होता. मला तो त्याच्या टेबलावर मिळाला.’ कागदाची घडी घालून बसली. बँकेतल्या बाईने डोळे पुसले.

मग चर्चा. हार्लन म्हणाला तेच म्हणाला. त्याच्या त्या दोघांनी माना हलवल्या. मी बोलले. आकडे सांगितले, इतर राज्यांचं सांगितलं. छान बोलले म्हणे. स्वतःचा आवाज मला दुसऱ्याच कोणाचा तरी वाटत होता.

ट्वायलाने कागद उचलला. ‘या विषयात ज्या सदस्याचा व्यक्तिशः संबंध असेल...’ माझ्या उजवीकडे चॉकलेटचा कागद वाजला. मी टेबलाच्या लाकडातल्या एका गाठीकडे बघत होते. एक. दोन.

खुर्ची सरकली.

हार्लन उभा राहिला होता. कोटाचं बटण लावलं. ‘माझा आहे,’ म्हणाला. ‘नोंद करा. मी बाजूला होतो.’

ट्वायलाच्या हातातून पेन पडलं. बावीस वर्षांत तिने ती नोंद कधी केली नव्हती. कुठल्या रकान्यात लिहायचं हेही तिला माहीत नव्हतं. तो टेबलाला वळसा घालून गेला, काठीवर, नव्या खुब्यावर. माझ्यामागून जाताना अगदी हळू म्हणाला, ‘मार्गिट, वाटतं तेवढं जड नसतं.’

दार लागलं. ट्वायला आम्हा सहा जणांकडे बघत होती. ‘आणखी कोणी?’ तिने विचारलं. एरवी ती हे विचारत नाही.

मी बसून राहिले.

चार विरुद्ध दोन. ठराव मंजूर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी केलबला मेसेज केला – झालं! तिकडून फक्त ‘देवा’ आलं.

आनंद व्हायला हवा. झालाही, दाराबाहेर येईपर्यंत. मग गाडीत बसून सहज आकडे मांडले. हार्लन उठल्यावर उरलो सहा. मीही उठले असते तर पाच – तीन विरुद्ध दोन. तरीही मंजूर! म्हणजे तो बाहेर गेला त्या क्षणी माझ्या गप्प बसण्याचं कारणच संपलं होतं. केलबसाठी, केलबसाठी म्हणून घोकलं होतं, ते कारण म्हाताऱ्याने माझ्या हातातून काढून घेतलं आणि दार उघडं ठेवून गेला. ट्वायलाने वर विचारलंसुद्धा.

तरी मी बसून राहिले. आता कोणासाठी?

अॅपल पाय तसाच ठेवला. वेट्रेस म्हणाली, ‘काय हो, चांगला नाही झाला?’ चांगला झालाय, म्हटलं.

रविवार, २२ सप्टेंबर

पेपरात आलं. ‘अध्यक्षांची माघार.’ हार्लनने कोणालाच काही सांगितलेलं नाही. दोनदा फोन लावला, उचलत नाही.

चर्चमध्ये चौघांनी माझं अभिनंदन केलं. प्रत्येकाला ‘थँक्यू’ म्हटलं.

सोमवार, २३ सप्टेंबर

मेले मी!

ट्वायलाचं पत्र. ‘नवीन प्रश्न एक जानेवारीपासून लागू. चालू नूतनीकरण जुन्याच फॉर्मवर.’ तिला फोन केला, ओरडले. ती बिचारी शांत. ‘डॉक्टर, ठरावाची शेवटची ओळ वाचा. तुम्हीच लिहिली आहे.’

वाचली. ‘हा बदल पुढील कॅलेंडर वर्षापासून अमलात येईल.’ फेब्रुवारीत मसुदा करताना ती ओळ मी मागच्या ठरावातून जशीच्या तशी उचलली होती – वापरलेल्या सुया टाकायच्या डब्यांचा ठराव. सगळेच तसं करतात. मंडळाचा प्रत्येक ठराव आधीच्याच्या शेपटीला बांधलेला असतो. सात महिने सात जणांनी वाचला, कोणाच्या लक्षात आलं नाही. प्रश्नावर सगळ्यांचं लक्ष, तारखेवर कोणाचं नाही.

‘पुन्हा बैठक?’

‘तीस दिवस आधी जाहीर सूचना लागते. तोवर फॉर्मची मुदत गेलेली असेल.’

केलबच्या घरी गेले. मुली अंगणात होत्या. त्याला सांगितलं – चूक माझी. तो रागावला असता तर परवडलं असतं. त्याने हळूहळू मान हलवली, त्याला हे आधीच माहीत असल्यासारखी.

‘मग जानेवारीत,’ म्हणाला. ‘शंभर दिवस. मोजले मी.’

जेना माझ्याकडे बघत होती. ती नजर मला पुन्हा बघायची नाही.

मंगळवार, २४ सप्टेंबर

त्याच्याकडे शंभर दिवस नाहीत. डॉक्टर म्हणून सांगते.

सकाळी सातला, क्लिनिक उघडायच्या आत, फॉर्म काढला. नऊ नंबर. ‘होय.’ पेन सरसर चाललं नाही. मग सहा पानं लिहिली – अकरा वर्षं, केसेल, गोळ्या, पाच खोटी ‘नाही’, वीस तारखेचं गप्प बसणं. क्वेडचंही लिहिलं. शेवटी, मंडळाचा राजीनामा.

रॉयने वाचलं. दोनदा वाचलं. ‘लायसन्स जाईल?’

‘जाऊ शकतं. होय लिहिलं म्हणून नाही, पाच वेळा नाही लिहिलं म्हणून.’

‘मग आल्डर फोर्कला डॉक्टर कोण?’

‘केलब. राहिला तर.’

त्याने लिफाफा चाटून बंद केला. चव वाईट असते म्हणून तोंड वाकडं केलं, आणि मग तो तसाच रडायला लागला. बत्तीस वर्षांत मी त्याला दोनदाच रडताना पाहिलंय.

बुधवार, २५ सप्टेंबर

केलब सकाळी येऊन पिकअपमध्ये बसला होता. सुट्टीवर आहे तरी आला. जेना मागे तिच्या गाडीत. मी त्याचं दार उघडलं आणि शेजारी चढून बसले. गुडघे वाजले.

सगळं सांगितलं. पूल, किड्यांचं दुकान, मागचं दार, रूथ लिंडाल. तो समोरच्या काचेतून क्लिनिकची भिंत बघत होता.

‘आता हे तुला कळलं,’ मी म्हटलं. ‘तीस दिवसांत तुला माझं नाव कळवावं लागेल. पण गरज पडायची नाही.’ मांडीवरचा लिफाफा दाखवला. ‘आज पोस्टात टाकते. सोबत येतोस?’

त्याने लिफाफा घेऊन वरचा पत्ता वाचला. मला वाटलं, चुकलं माझं, याच्यावर आणखी ओझं टाकलं. मग त्याने विचारलं, ‘कुठली गोळी घेता?’

सांगितली.

‘डोस?’

सांगितला.

‘तोंड सुकतं का?’

‘पहिला महिनाभर. पेपरमिंट ठेवते खिशात.’

‘अच्छा, त्या पेपरमिंट!’ तो माझ्याकडे वळला. ‘चार वर्षं मला वाटायचं, तुम्ही चोरून सिगारेट ओढता.’

आणि आम्ही दोघं हसलो. मागे जेनाने हॉर्न दाबला, तिला काही कळेना. लिफाफा पोस्टात त्यानेच टाकला. मी म्हटलं, उद्या गुरुवार आहे, माझी वेळ तुला देते. तो ‘बघतो’ म्हणाला नाही. ‘किती वाजता?’ म्हणाला.

गुरुवार, २६ सप्टेंबर

गाडी केलबने चालवली. दुकानाच्या आडोशाला नाही, पुढे, रस्त्यावर लावली. शेरीने वही सरकवली. त्याने पेन हातात धरून माझ्याकडे बघितलं, आणि लिहिलं – केलब वेंट. मी खाली लिहिलं – डॉ. मार्गिट सोल्टवेट. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तो आत गेला. मी बाहेर बसले, वही उलटी फिरवून चाळली. सोमवारच्या पानावर, सर्वांत वर, पंचवीस वर्षं माझ्या पेशंटांच्या कागदांवर बघत आले ते हार्लनचं तिरकं, उर्मट अक्षर. पूर्ण नाव, अगदी मधल्या नावासकट. खाली आणखी खरी नावं. त्यांतली काही माझ्या ओळखीची.

‘जॉन स्मिथ कुठे गेले?’ मी विचारलं.

शेरी म्हणाली, ‘सोमवारपासून एकही आला नाही.’